दोन गावांचं विरजण

संभाजीराव जगदाळ्यांनी आयुष्यात कुठलीच वस्तू ठोकून बघितल्याशिवाय घेतली नाही. कलिंगड, माठ, नारळ हे तर कुणीही ठोकतं. संभाजीराव कपाट ठोकत, हेल्मेट ठोकत, आणि एकदा दवाखान्यात डॉक्टर त्यांचा साखरेचा रिपोर्ट वाचत असताना त्यांनी डॉक्टरांचं टेबल ठोकून बघितलं होतं. पोकळ निघालं. तेव्हापासून त्या डॉक्टरांच्या पथ्यावरचा त्यांचा विश्वास उडाला, पण ते असो. सगळी नोकरी वालचंदनगरच्या कारखान्यात, क्वालिटीच्या खात्यात गेलेली. ओतीव लोखंडावर हातोडी हळूच मारायची, कान लावायचा आणि आत तडा आहे का नाही ते सांगायचं, हे काम. संभाजीरावांनी मान डोलावली की माल गेटबाहेर. अशा माणसाला निवृत्तीनंतर राहायला गाव निवडायचं होतं, आणि गाव काही ठोकून बघता येत नाही.

वेळही फार नव्हता. क्वार्टर महिनाअखेरीला सोडायची होती. मुलगा ऋषिराज पुण्यात दोन खोल्यांत संसार करत होता. तो फोनवर "या की इकडंच" म्हणायचा, पण "या" आणि "की" यांच्या मधे जी जागा सोडायचा, ती ऐकून संभाजीराव काय ते समजले. राहता राहिली दोन गावं. वालचंदनगरच्या एका अंगाला बारामती, दुसऱ्या अंगाला इंदापूर. बारामतीत पुतण्या यशराजचा फ्लॅट रिकामा पडलेला, इंदापुरात मेहुण्याच्या ओळखीतलं एक बैठं घर. दोन्ही मालक म्हणाले, आधी राहून बघा, पटलं तर पुढचं बोलू. दोन्ही किल्ल्या संभाजीरावांच्या खिशात खुळखुळू लागल्या.

कॉलनीत ही बातमी फुटली आणि सल्ल्यांना ऊत आला. सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींत सरळ दोन तट पडले. बारामतीवाले म्हणत, रस्ते बघा, बागा बघा, दवाखाने बघा, बारामतीत माणसाला आजारी पडायलासुद्धा बरं वाटतं. इंदापूरवाले म्हणत, आजारी पडायचंच कशाला? उजनीचा वारा खा, ताजी चिलापी मासळी खा, हायवेला उभं राहिलं की पुणं नाहीतर सोलापूर. एकानं तर संभाजीरावांच्या वतीनं इंदापूर ठरवून स्वतःच्या मेहुण्याला रंगाचं कामही देऊन टाकलं. त्याला थांबवण्यात एक अख्खी सकाळ गेली. ज्या लोकांनी जन्मात क्वार्टरमध्ये स्वतः खिळा ठोकला नव्हता, ते पायाचा मुरूम कसा ओळखावा ते सांगत होते.

खरी अडचण मात्र निराळीच होती, आणि ती ताटात दिसत होती. ताटात ताक नव्हतं.

कौसल्याबाईंच्या घरात ताक नाही, असं कधी झालं नव्हतं. लग्न होऊन त्या ह्या क्वार्टरमध्ये आल्या त्या संध्याकाळी शेजारच्या अक्काबाईनं वाटीत विरजण आणून दिलं होतं. अक्काबाईचे मालक कचरूभाऊ कारखान्यात क्रेनवर. त्या विरजणाचं दही, त्या दह्याचं विरजण, असं ते आजतागायत चालू होतं. हिचं आंबलं की तिच्याकडून, तिचं संपलं की हिच्याकडून. मधल्या भिंतीवरून ती वाटी इतक्या वेळा गेली-आली होती, की भिंतीला तिथं गुळगुळीतपणा आला होता. कचरूभाऊंची नोकरी अजून बाकी होती, म्हणजे अक्काबाई इथंच राहणार होती. आणि क्वार्टर सोडायचं पत्र आल्यापासून कौसल्याबाईंनी दही लावणं सोडून दिलं होतं.

"ताक न्हाय का गं?" संभाजीरावांनी एकदा विचारलं.

"विरजण लावून काय करू? जायाचंच हाय न्हवं," असं म्हणून कौसल्याबाईंनी आमटी वाढली.

आवाज अगदी रोजचा होता. पण संभाजीरावांच्या कानाला तडा लगेच कळायचा, आणि तो इथं स्पष्ट ऐकू आला. त्यांना वाईट वाटलं. ही बाई आपण म्हणू तिथं मुकाट्यानं येईल आणि तिथं मुकाट्यानंच राहील, ह्या विचारानं त्यांना जेवण गेलं नाही. त्या रात्रीच त्यांनी मनाशी ठरवलं, की कौसल्या आपणहून दही लावील तेच गाव आपलं. बाकी पाण्याचा दाब, ऊन, मोबाईलची रेंज हे नंतर.

"दोन्हीकडं थोडं थोडं राहून बघू," ते म्हणाले. "मी घर तपासतो."

"घर तुमी तपासा. शेजार मी बघते," कौसल्याबाई म्हणाल्या.

"शेजार कसा बघणार?"

"विरजण मागून."

पहिली पाळी बारामतीची. यशराजचा फ्लॅट वरच्या मजल्यावर, लिफ्ट, खाली रखवालदार. रखवालदारानंच पहिला घोळ घातला. वहीत येण्याचं कारण लिहायचं होतं. संभाजीराव म्हणाले, "राहून बघायला आलोय." तसं वहीत लिहायची सोय नव्हती. सोसायटीचे सेक्रेटरी खाली आले. पाहुणे आहात का भाडेकरू, त्यांनी विचारलं. भाडेकरू असाल तर पोलिसांचा दाखला लागतो, पाहुणे असाल तर गच्चीवर कपडे वाळत घालता येत नाहीत. संभाजीराव म्हणाले, दोन्ही नाही. सेक्रेटरी म्हणाले, दोन्ही नाही असा माणूस ह्या सोसायटीत येऊ शकत नाही. हा वाद लिफ्टच्या दारात चालू असताना लिफ्ट तीनदा वर जाऊन आली आणि कुणाची तरी भाजी खाली राहिली. शेवटी रखवालदाराला दया आली आणि त्यानं कारणाच्या जागी "वैद्यकीय" असं लिहून टाकलं. त्यावर कुणीच हरकत घेतली नाही. संभाजीरावांना ते मनातून लागलं, कारण ते त्या दिवशी ठणठणीत होते.

समोरच्या दारात कौसल्याबाईंनी बेल दाबली. त्या बेलला कॅमेरा होता. आतून कुणी यायच्या आधी बेलच बोलली, "कोण पाहिजे?" कौसल्याबाईंनी पदर सावरून बेललाच नमस्कार केला. मग दार उघडलं. आत रेश्मा नावाची बँकेत काम करणारी एकटी मुलगी, एका कानात फोन, पायात एकच चप्पल. विरजण म्हटल्यावर ती क्षणभर गोंधळली, आत गेली आणि श्रीखंडाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात चमचाभर दही घेऊन आली.

"डबा परत नका करू हं काकू. टाकायचाच होता," ती म्हणाली आणि जिना उतरून गेलीसुद्धा.

कौसल्याबाई डबा हातात धरून उभ्या राहिल्या. "परत करू नका म्हणाली," त्या घरात येऊन संभाजीरावांना म्हणाल्या. "म्हंजी परत येऊच नका."

शेजार बघायचा म्हणून त्यांनी ते दुधाला लावून बघितलं, पण दही काही लागलं नाही. दूध रात्रभर दूधच राहिलं. बारामतीबद्दल कौसल्याबाईंचं मत झालं. पण मत काहीही झालं तरी दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण ह्या मुलखातली बाई एक वेळ लाइटबिल थकवील, भांडं रिकामं पाठवणार नाही. कौसल्याबाईंनी त्या टाकायच्या डब्यात शेंगदाण्याच्या पोळ्या बसवल्या आणि नेऊन दिल्या. रेश्मा डब्याकडे बघतच राहिली. संध्याकाळी तिनं तोच डबा परत दिला, त्यात बाहेरून मागवलेले मोमो.

"हे कच्चे मोदक हायेत का?" संभाजीरावांनी एक ठोकून बघितला. आवाज आला नाही.

आता रेश्माचा डबा पुन्हा कौसल्याबाईंकडे अडकला. तो बरोबर घेऊन मंडळी क्वार्टरवर आली आणि तिथून इंदापूरला गेली.

इंदापुरात बेल नव्हती, सोसायटी नव्हती, वही नव्हती. कौसल्याबाई विरजण मागायला निघायच्या आधी शेजारचे गेणबा तात्या आणि त्यांच्या घरातली सरूकाकी दोघं आत येऊन चहाची वाट बघत बसले होते. सरूकाकीनं पितळी वाटी भरून असं दही आणलं की चमचा उभा राहावा. एवढं आयतं आल्यावर कौसल्याबाईंना विरजण लावायची वेळच आली नाही. दही दिलं, मग चूल कुठल्या तोंडाला पाहिजे ते सांगितलं, मग सगळे डबे काढून दुसऱ्या फळीवर लावले. तात्यांनी तोवर संभाजीरावांना अंगणात नेलं.

"हितं बोर घ्या," तात्या म्हणाले. "न्हायतर तितं घ्या. पर घ्या."

"मला घर भाड्यानं हवंय, तात्या."

"मंग मालकाला घ्या म्हणा. मी बोलतो त्याच्याशी." आणि तात्यांनी तिथूनच घरमालकाला फोन लावला. तात्यांना थांबवता येत नाही, हे संभाजीरावांना त्याच दिवशी कळलं. बोलता बोलता तात्यांनी पेन्शनचं विचारलं. संभाजीराव सरळ मनानं म्हणाले, "कायमचा पत्ता द्यायचाय अजून. तो ठरत न्हाय तोवर सगळं अडकलंय." तात्यांनी "अरारारा" केलं आणि संभाजीरावांच्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा संभाजीरावांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

वाटी रिकामी कशी द्यायची? कौसल्याबाईंनी वाटीत तिळाची चटणी दिली. पण सरूकाकीचा नियम त्याच्याही वरताण होता. तिच्या घरातून परत येणारं भांडं गेलेल्या भांड्यापेक्षा मोठं असायचं. वाटी गेली, तांब्या आला, त्यात खरवस. तांब्या गेला, पातेलं आलं, त्यात डाळिंबाचे दाणे. पातेलं गेलं तर कळशीच येणार, ह्या भीतीनं संभाजीरावांनी मुक्काम आटोपता घेतला, तेव्हा एसटीत चढता चढता सरूकाकीनं मक्याच्या कणसांचं घमेलं खिडकीतून आत ढकललं.

पुढचे दिवस जे सुरू झालं, त्याला घर शोधणं म्हणणं कठीण आहे. संभाजीराव सकाळी डबा घेऊन बारामतीला जात, संध्याकाळी तोच डबा भरून परत आणत. दुसऱ्या दिवशी घमेलं घेऊन इंदापूर. कंडक्टर त्यांना ओळखू लागला आणि "घमेल्याचं अर्धं तिकीट काढा" म्हणून चेष्टा करू लागला. कॉलनीत कुणीतरी उठवलं, की जगदाळ्यांनी रिटायर झाल्यावर मेसचे डबे पोचवायचं काम धरलंय. क्वालिटी खात्यात पंचवीस पोरं हाताखाली घेतलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं. एक ओळखीचे गृहस्थ तर "महिन्याचं कसं घेता?" म्हणून खरंच विचारून गेले.

"आपण घर बघतोय का भांडी पोचवतोय?" ते अखेर कौसल्याबाईंवर वैतागले. "एका गावाला न्हाय म्हण आणि मोकळी हो."

"भांडी अडकलेली असताना न्हाय कसं म्हणायचं?"

"मग भांडी कधी सुटायची?"

"ते मी कसं सांगू? त्या दोघींनी देयाचं थांबवलं तर."

म्हणजे भांडं परत गेल्याशिवाय निर्णय नाही, आणि भांडं काही केल्या एकदाचं परत जात नाही. संभाजीरावांनी आयुष्यात पुष्कळ माल अडवून ठेवला होता, पण आपण स्वतः असे अडकलेले त्यांनी पहिल्यांदाच बघितले. महिना सरत आला होता. सामान पोत्यांत बांधून झालं होतं. आणि दह्याचं भांडं फळीवर पालथंच होतं.

शेजारी कचरूभाऊ हे सगळं भिंतीपलीकडून बघत होते. ते मुळात कमी बोलायचे. "संभाजीराव," ते एकदा म्हणाले, "गाव पसंत करताय का सून?" त्यांच्यामागं अक्काबाई उभी होती. ती हसली नाही. ती आजकाल भिंतीपाशी फार वेळ थांबतच नव्हती, आणि कौसल्याबाईही नव्हत्या. वाटी मागायचं कारणच उरलं नव्हतं.

मग तो गुळपोळ्यांचा दिवस उजाडला. कौसल्याबाईंचा गुडघा सुजला होता, रोज चुलीपुढं उभं राहणं जमेना, म्हणून दोन्ही गावांचा माल संभाजीरावांकडे एकदमच आला. श्रीखंडाच्या डब्यात डिंकाचे लाडू, बारामतीसाठी. मोठ्या पातेल्यात गुळाच्या पोळ्या, वर तुपाचा हात फिरवलेला, इंदापूरसाठी. "उघडायचं न्हाय," कौसल्याबाईंनी बजावलं. संभाजीरावांना साखर होती. साखरेच्या पट्ट्यात सगळा जन्म काढायचा आणि साखरेलाच हात लावायचा नाही, हा अन्याय ते वर्षानुवर्षं सोसत होते.

एसटी बारामतीच्या वाटेला लागली आणि थांबली. पुढं उसाची ट्रॉली कलंडली होती. अख्खा रस्ता उसानं भरलेला, मागंपुढं गाड्यांची रांग. ऊन चढू लागलं. मांडीवरच्या पातेल्यातून तूपगुळाचा वास येऊ लागला. पोळ्या उन्हानं मऊ तर पडल्या नाहीत ना, एवढंच बघायला संभाजीरावांनी झाकण उचललं. तपासणी म्हटल्यावर एक तुकडा मोडून बघणं आलंच. पोळी उत्तम होती. एका नमुन्यावर अख्ख्या मालाचा निवाडा करायचा नसतो, हा खात्याचा नियम. त्यांनी दुसरी मोडली.

शेजारच्या म्हाताऱ्यानं नुसतं बघितलं. संभाजीरावांना संकोच वाटला, त्यांनी त्याला एक दिली. मग समोरच्या बाईला न देणं बरं दिसेना. मग कंडक्टर आला, तो तिकिटासाठी नव्हता आला. ड्रायव्हरला कसं वगळणार, गाडी त्याच्याच हातात. बघता बघता अख्ख्या एसटीत पंगत बसली. कुणी शेंगा काढल्या, कुणी मिरचीचा ठेचा. मागच्या बाकावरून एक आजीबाई म्हणाली, "कोण म्हणायचं हे देवमाणूस?" संभाजीरावांना आयुष्यात पहिल्यांदा कुणी देवमाणूस म्हणालं. त्या भरात श्रीखंडाचा डबा कधी उघडला ते त्यांना आठवत नाही. लाडू मात्र त्यांनी वाटले नाहीत. ते त्यांनी एकट्यानं खाल्ले.

ट्रॉली बाजूला झाली, गाडी सुटली, आणि मांडीवर दोन रिकामी भांडी घेऊन बसलेल्या संभाजीरावांना घाम फुटला.

बारामतीत उतरून रसवंतीच्या नळावर त्यांनी दोन्ही भांडी धुतली. मिठाई विकत घेऊन भरावीत, हे डोक्यात आलं होतं, पण कौसल्याच्या हातचं आणि दुकानातलं दोन्हीकडच्या बायकांना कळणार नाही असं थोडंच होतं. रेश्माच्या दाराला कुलूप होतं. बरं झालं, असं म्हणून त्यांनी डबा पिशवीत घालून कडीला अडकवला आणि पाऊल उचललं. तेवढ्यात बेल बोलली.

"काका? काय झालं काका?"

रेश्मा बँकेत बसून फोनमध्ये त्यांना बघत होती. संभाजीरावांनी बेलकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, चेहरा पडला, आणि ते लिफ्टची वाट न बघता जिन्यानं पळाले. "काका, काकू बऱ्या आहेत ना?" बेल मागून ओरडत होती.

इंदापुरात कॅमेरा नव्हता, पण सरूकाकी होती. ती आत पाट्यावर काहीतरी वाटत असताना संभाजीरावांनी पातेलं ओट्यावर ठेवलं आणि काढता पाय घेतला. "अवो, चा तरी घ्या," मागून आवाज आला. "गडबड हाय," एवढंच म्हणून ते कोपऱ्यावरून वळले. वळताना त्यांना पातेल्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. तो आवाज त्यांच्या कानाला बरोबर कळला. रिकाम्या भांड्याचा होता.

घरी येऊन ते म्हणाले, "दिलं. दोघी खूश झाल्या." आणि जेवायला नको म्हणाले. कौसल्याबाईंनी दोनदा चेहऱ्याकडे बघितलं आणि ताट उचललं. नंतर वाजत राहिलेला फोनही संभाजीरावांनी उशीखाली घालून बंद करून टाकला.

रविवारी सकाळी क्वार्टरपुढं टेंपो येऊन उभा राहिला. पुढं गेणबा तात्या आणि सरूकाकी, मागं गव्हाची पोती, ज्वारी, तेलाचा डबा, कांदे, आणि सगळ्यांच्या वर ते पातेलं, तांदळानं शीग लावून भरलेलं. तात्यांनी खाली उतरून संभाजीरावांचा हात दोन्ही हातांत धरला. आवाज हळू ठेवायचा त्यांचा विचार असावा, पण आयुष्यभर बैलांशी बोलल्यामुळं ते जमलं नाही.

"संभाजीराव, लाजू नका. परसंग कुणावर येत न्हाय? पेन्शन अडकली, समजलं आमास्नी. पर घरात पीठ न्हाय म्हणून पातेलं रिकामं पाठवायची येळ आली, आन् तुमी बोलला न्हाय?"

कॉलनी जमली होती. फिरायला जाणारे दोन्ही तट एकदम हजर. मेसचे डबे म्हणणारा गडी पुढच्या ओळीत. "मला वाटलंच होतं," कुणीतरी म्हणालं. दोन पोती उतरली. कौसल्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पातेल्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"रिकामं?" त्या म्हणाल्या.

एवढ्या वर्षांत लोखंडाचे मोठमोठे ठोकळे संभाजीरावांनी नापास केले होते, एकदाही कचरले नव्हते. आज त्यांनी आधी समोरचं पोतंच ठोकून बघितलं. शेवटी सगळ्या कॉलनीदेखत ते म्हणाले, "पोळ्या एसटीत वाटल्या. पैसाबियसा काही अडकला न्हाय, तात्या. नुसता पत्ता ठरेना झालाय."

"आन् लाडू?" कौसल्याबाईंनी विचारलं.

संभाजीरावांनी नजर पातेल्यातल्या तांदळाकडे वळवली. कौसल्याबाईंना उत्तर मिळालं. त्या काही बोलणार तोच गर्दीतून एक स्कूटी हॉर्न मारत आत आली. हेल्मेट काढलं तर रेश्मा. डोळे लाल, ओढणी हेल्मेटमध्ये अडकलेली. तिनं कुणाकडे न बघता थेट कौसल्याबाईंचे दंड धरले.

"काकू, तुम्ही बऱ्या आहात? पत्ता बघायला रखवालदाराची वही उघडली तर तिथं वैद्यकीय लिहिलंय, काका डबा ठेवून पळून गेले, फोन उचलत नाहीत. आणि डबा रिकामा. मला रात्रभर झोप नाही. म्हटलं, तुम्ही आणि रिकामा डबा? काहीतरी झालंय."

"तो डबा तर टाकायचा होता न्हवं?" कौसल्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा हलला होता.

"होता," रेश्मा म्हणाली. "माझ्या दारात आजवर कुणी भरलेला डबा घेऊन आलं नव्हतं, काकू. तिथं सगळे बेलशीच बोलतात."

तिनं पिशवीतून तो श्रीखंडाचा डबा काढला. रिकामा होता. तिला आता सगळ्यांसमोर लाज वाटू लागली असावी, कारण ती अगदी हळू बोलली. "हा पण रिकामाच आणलाय. त्या दिवशी मी तुम्हाला दिलं ते पाकिटातलं दही होतं. मी रोज लावून बघते, लागतच नाही. थोडं विरजण मिळेल का?"

कौसल्याबाईंनी डबा हातात घेतला. एवढ्या दिवसांत सरूकाकीनं त्यांना दही दिलं, खरवस दिला, घमेलं दिलं, आता गहू दिला. सगळ्यांनी द्यायचंच धरलं होतं. त्यांच्याकडे काही मागायला मात्र कुणी आलं नव्हतं. संभाजीराव त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ठोकायची गरज नव्हती, सगळं दिसत होतं.

"माझ्याकडं न्हाय," कौसल्याबाई म्हणाल्या. "थांब."

त्या दुखऱ्या गुडघ्यानं भिंतीपाशी गेल्या. "अक्के," त्यांनी हाक मारली, "विरजण हाय का गं?"

अक्काबाई भिंतीपलीकडेच उभी होती. तमाशा सुरू झाल्यापासून ती तिथंच होती. आत जाऊन ती दोन भांडी घेऊन आली. रेश्माच्या डब्यात तिनं दही घातलं, आणि दुसरी, स्वतःचं नाव कोरलेली जुनी स्टीलची वाटी भरून कौसल्याबाईंच्या हातात दिली.

"एवढं जास्ती कशाला?"

"तिला तिचं. तुला तुझं," अक्काबाई म्हणाली. "वाटी माझी हाय, कौसे. माघारी आली पायजे."

"रिकामी न्हाय यायची," कौसल्याबाई म्हणाल्या, आणि मग दोघीही भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या राहून मोकळ्या रडल्या. सरूकाकीला काय चाललंय ते धड कळलं नव्हतं, पण रडणं दिसल्यावर ती मागं राहणारी नव्हती. तिनंही डोळ्यांना पदर लावला.

कौसल्याबाईंनी डोळे पुसले आणि संभाजीरावांना सांगितलं, "यशराजला फोन करा. बारामती."

इंदापूरचा तट नाराज झाला. तात्यांनी मात्र टोपी मागं सारली, पोत्यांकडे बघितलं, क्वार्टरमधल्या बांधलेल्या सामानाकडे बघितलं. "टेंपो आलाच हाय," ते म्हणाले. "उतरवलेलं परत चढवा. कपाट आडवं घाला. चला, बारामतीच बघून येऊ."

"पण तात्या, गहू तुमचा तुमी घेऊन जा," संभाजीराव म्हणाले.

"भरलेलं परत घेत न्हाईत," सरूकाकी म्हणाली. "पातेलं तेवढं सावकाश द्या."

कौसल्याबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. पातेलं कोण पोचवणार, हे विचारायची गरज नव्हती. संभाजीरावांच्या डोळ्यांपुढं एसटी, कंडक्टर आणि तिन्ही गावांची भांडी येऊन गेली. सगळा जन्म आता मांडीवर वाटी घेऊनच जायचा होता. त्यांना हसू यायला लागलं ते थांबेना.

दुपारी टेंपो हलला. पुढं तात्या आणि सरूकाकी, मागं पोत्यांवर संभाजीराव आणि कौसल्याबाई, त्यांच्यामागं रेश्माची स्कूटी. विरजणाची वाटी कौसल्याबाईंनी संभाजीरावांच्याच हातात दिली होती, शिक्षा म्हणून. फाटकापाशी कचरूभाऊ उभे होते.

"संभाजीराव, वाटी घेऊन कधी येताय?" त्यांनी विचारलं.

"अवो, अजून निघालो पण न्हाय."

"म्हणून तर इचारतोय," कचरूभाऊ म्हणाले आणि पाठ फिरवून भिंतीकडे बघत राहिले.

टेंपो रस्त्याला लागला. संभाजीरावांचं बोट सवयीनं वाटीच्या कडेकडे गेलं. कौसल्याबाईंनी नुसतं बघितलं. त्यांनी बोट मागं घेतलं आणि बारामती येईपर्यंत ती वाटी दोन्ही हातांनी धरून ठेवली.